रोमच्या पौलाबाई व बेथलेहेमची धर्मशाळा

आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस व उपदेशक बंधूंस एक प्रश्न बहुधा ऐकावा लागतो. शेजारी विचारतात कीं, आमचें पंढरपूर आहे, काशी आहे. तुम्हां ख्रिस्ती लोकांचें तीर्थ कोणतें, आणि तुम्ही तेथें कां जात नाहीं? कोणी बंधु चटकन् सांगतो कीं आमचें तीर्थ यरुशलेम. कोणी सांगतो कीं आम्हांस तीर्थच नाहीं. दोन्ही उत्तरें देऊन झालीं तरी मनाचें पुरतें समाधान होत नाहीं. कारण ज्या भूमीवर आपल्या प्रभूचीं पावलें पडलीं, ती भूमि एकदां डोळ्यांनीं पाहावी असें कोणत्या विश्वासणाऱ्यास वाटत नाहीं? म्हणून आज आम्ही वाचकांपुढें अशा एका बाईंचें चरित्र ठेवीत आहों कीं, ज्या सोळाशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं त्या भूमीच्या यात्रेस गेल्या व यात्रा संपल्यावर परत घरीं आल्या नाहींत. त्यांचें नांव पौला. त्यांच्याविषयीं जें कांहीं माहीत आहे, त्यांतील बहुतेक भाग साधु जेरोम यांनीं त्यांच्या मरणानंतर त्यांच्या मुलीस लिहिलेल्या एका विस्तृत पत्रांतून मिळतो.

पौलाबाईंचा जन्म इ. स. ३४७ मध्यें रोम शहरीं झाला. त्यांच्या आईचें घराणें रोमच्या अति प्राचीन व मानाच्या घराण्यांपैकीं एक होतें, आणि त्यांचे पति टॉक्सोशियस हेही तशाच थोर कुळांतले होते. धनाला तोटा नव्हता. बाई बाहेर निघाल्या कीं चाकर त्यांची पालखी खांद्यावर वाहून नेत. जमिनीला पाय लावण्याची त्यांस गरज नसे. ब्लेसिला, पौलिना, यूस्टोकियम व रुफिना अशा चार मुली आणि वडिलांच्याच नांवाचा एक मुलगा, अशीं पांच मुलें त्यांस झालीं. त्या सुमारे बत्तीस वर्षांच्या असतांना पति वारले. बाईंनीं इतका शोक केला कीं त्याही जगत नाहींत असें घरच्यांस वाटलें. पुढें शोक ओसरला, तेव्हां त्यांनीं आपलें मन प्रभूकडे लाविलें. रेशमी वस्त्रें टाकून त्यांनीं जाडेंभरडें वस्त्र घेतलें, आणि घरचें धन गोरगरिबांकडे वाहूं लागलें. शहरांत कोणी आजारी वा उपाशी माणूस आपल्याआधीं दुसऱ्या कोणाच्या मदतीनें तरला असें कळलें, तर आपली हानि झाली असें त्यांस वाटे.

इ. स. ३८२ मध्यें रोम येथें पाळकांची एक मोठी सभा भरली. तिच्यासाठीं कुप्र बेटाहून एपिफानियस नांवाचे वृद्ध अध्यक्ष आले व ते पौलाबाईंच्या घरीं उतरले. त्याच वेळीं जेरोमही रोमला आले. हे मोठे विद्वान् गृहस्थ होते; लॅटिन, ग्रीक व इब्री ह्या तिन्ही भाषा त्यांस येत. पौलाबाई, त्यांची मुलगी यूस्टोकियम व शहरांतील आणखी कित्येक थोर स्त्रिया त्यांच्यापाशीं शास्त्र शिकूं लागल्या. पाहुण्यांच्या तोंडून पूर्वेकडील देशांच्या व तेथील भक्तांच्या गोष्टी ऐकतां ऐकतां बाईंच्या मनांत पवित्र भूमि पाहाण्याची इच्छा प्रबळ झाली. इ. स. ३८४ मध्यें थोरली मुलगी ब्लेसिला तरुणपणींच मरण पावली. त्यानंतर रोममध्यें त्यांचें मन रमेना. पुढच्या वर्षीं, म्हणजे इ. स. ३८५ मध्यें, त्या निघाल्या.

येथें आम्हांस थोडें थांबलें पाहिजे. टायबर नदीच्या मुखाशीं असलेल्या रोमच्या बंदरावर त्यांस पोंचविण्यास भाऊ, नातलग व मुलें आलीं होतीं. यूस्टोकियम आईबरोबर जाणार होती. गलबताचीं शिडें उभारलीं, वल्हीं चालूं लागलीं, तेव्हां लहानगा टॉक्सोशियस कांठावरून आईकडे हात पसरून विनवूं लागला. उपवर झालेली रुफिना एक शब्दही न बोलतां नुसती रडत होती; आपल्या लग्नापर्यंत तरी आईनें थांबावें एवढेंच तिचें मागणें होतें. इतर उतारू कांठाकडे पाहात होते. पौलाबाईंनीं मात्र डोळे फिरविले, कारण पाहिलें असतें तर धीर सुटला असता. जेरोम ह्या गोष्टीची स्तुति करितात. आम्हांस ती तशी करवत नाहीं. रुफिना पुढें अकालीं मरण पावली. ज्या देवानें आईबापांस लेंकरें दिलीं, त्याच देवाच्या भेटीसाठीं लेंकरांस कांठावर टाकून जावें असें शास्त्र कोठें सांगत नाहीं. तथापि हेंही खरें कीं, बाई कठोर नव्हत्या. मुलांच्या प्रत्येक मरणाच्या वेळीं त्या इतक्या खचत कीं स्वतः मरणाच्या दारीं जाऊन परत येत. थोर माणसांचीं चरित्रें आपण वाचतों तीं त्यांच्या प्रत्येक कृत्याचें अनुकरण करण्यासाठीं नव्हे. त्यांचें चांगलें घ्यावें, आणि जेथें मन कचरतें तेथें तसें मोकळेपणीं म्हणावें.

गलबत प्रथम पोंतिया बेटावरून गेलें. डोमिशियन बादशहाच्या अमलांत फ्लाविया डोमिटिला नांवाच्या कुलीन बाईस विश्वासासाठीं तेथें हद्दपार करण्यांत आलें होतें. तिची कोठडी पाहून पौलाबाई पुढें निघाल्या. कुप्र बेटावर वृद्ध एपिफानियस यांनीं त्यांस दहा दिवस ठेवून घेतलें. तेथून त्या अंत्युखियास पोंचल्या. ऐन हिंवाळा होता. परंतु बाई थांबल्या नाहींत. पूर्वीं जिला चाकर पालखींतून नेत, ती बाई आतां गाढवावर बसून वाटचाल करूं लागली. जेरोम व इतर सोबती बरोबर होते.

आमच्या वाचकांनीं ह्या ठिकाणीं आपलें शास्त्र उघडून पौलाबाईंची वाट बोटानें शोधावी. सीदोनाजवळच्या सारफथ येथें एलीयास भाकर देणाऱ्या विधवेची त्यांनीं आठवण केली. सोर येथें ज्या वाळूवर पौलानें गुडघे टेकून प्रार्थना केली, तेथें त्या उभ्या राहिल्या. कैसरिया येथें कर्नेल्याच्या घराच्या जागीं मंडळीचें मंदिर झालें होतें. तेथेंच फिलिप्पाचें व त्याच्या चार संदेश देणाऱ्या मुलींचें घर त्यांनीं पाहिलें. मग लोद, जेथें पेत्रानें ऐनेयासाला उठविलें, मग याफो, जेथें दुर्कस होती, मग अम्माऊस. त्यांच्या बरोबरची शिदोरी म्हणजे शास्त्रवचनें. जें ठिकाण येई, त्याचा वृत्तांत त्यांस तोंडपाठ असे, आणि पाहिलेली जागा पुन्हां वचन समजण्यास साह्य करी. आम्हांस वाटतें, यात्रेची हीच खरी रीति. ज्यानें शास्त्र वाचलें नाहीं त्यास तेथें दगडमाती दिसेल. ज्यानें वाचलें आहे त्यास तीच दगडमाती ओळखीची वाटेल.

यरुशलेमची स्थिति त्या काळीं कशी होती हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें तें शहर व मंदिर उध्वस्त केलें. पुढें हाद्रियान बादशहानें त्याच जागेवर आपल्या देवांचें नवें शहर वसविलें. इ. स. ३१३ मध्यें ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला, आणि कॉन्स्टंटाइन बादशहानें गुलगुथा व प्रभूची कबर यांच्या जागीं मोठें मंदिर बांधविलें. त्याचें समर्पण इ. स. ३३५ मध्यें झालें. तेव्हांपासून देशोदेशींचे यात्रेकरू येऊं लागले. पौलाबाई पोंचल्या त्या वेळीं त्या प्रांताचा सुभेदार त्यांच्या घराण्याच्या ओळखीचा होता. त्यानें शिपाई पुढें पाठवून सरकारी वाड्यांत त्यांची व्यवस्था केली. बाईंनीं तो वाडा नाकारून एक साधी खोली घेतली. मग त्या एकेका स्थळीं जाऊं लागल्या. एका ठिकाणाहून त्यांचा पाय निघेना. दुसरें पाहाण्याची ओढ होती म्हणूनच त्या पहिलें सोडीत. वधस्तंभापुढें त्या अशा पडल्या कीं जणूं प्रभु तेथें टांगलेला डोळ्यांसमोर आहे. कबरेंत शिरून, प्रभूचें शरीर जेथें ठेविलें होतें त्या जागेचें त्यांनीं तान्हेल्या माणसानें पाणी प्यावें तसें चुंबन घेतलें. आम्ही दगडांचें चुंबन घेणारे लोक नव्हों, व घ्यावें असें शिकवितही नाहीं. परंतु त्या बाईंच्या आसवांस हंसणें आमच्यानें होणार नाहीं. जो आमच्यासाठीं मेला त्याच्या मरणाचा वृत्तांत कोरड्या डोळ्यांनीं वाचण्याची आम्हांस संवय झाली आहे, हें आमचें अधिक शहाणपण आहे काय?

यरुशलेमांत गरिबांस दानधर्म करून त्या राहेलीच्या कबरेवरून बेथलेहेमास गेल्या. तेथें ज्या गुहेंत प्रभु जन्मला असें लोक फार पूर्वींपासून मानीत आले, तींत त्या उतरल्या. बाळंत्यांत गुंडाळलेलें बाळ, मागी लोक, मेंढपाळ, मरीया व योसेफ हीं सर्व विश्वासाच्या डोळ्यांनीं आपणांस दिसत आहेत असें त्या सांगूं लागल्या, आणि आपण आतां येथेंच राहणार असा त्यांनीं तेथेंच निश्चय केला. त्यानंतर अब्राहामाचें हेब्रोन, यरीहो, यार्देन नदी, शखेमजवळची याकोबाची विहीर, शोमरोन, नासरेथ, काना, कफर्णहूम, गालीलाचा समुद्र, नाईन, हीं सर्व पाहून त्या मिसर देशास गेल्या. तेथें नित्रियाच्या रानांत हजारों साधु झोंपड्यांत राहून प्रार्थनेंत काळ घालवीत. त्यांतच मुलीसह राहावें असेंही बाईंस क्षणभर वाटलें; पण बेथलेहेमची ओढ त्याहून बलवत्तर ठरली. इ. स. ३८६ मध्यें त्या परत आल्या.

इतक्यावर चरित्र संपलें असतें, तर पौलाबाई म्हणजे अनेक यात्रेकरूंतली एक श्रीमंत यात्रेकरू एवढेंच म्हणतां आलें असतें. परंतु आमच्या मतें त्यांची खरी यात्रा येथून पुढें सुरू झाली. तीन वर्षें त्या एका अरुंद बिऱ्हाडांत राहिल्या. तेवढ्या अवधींत त्यांनीं भक्तिपर जीवन कंठणाऱ्या पुरुषांसाठीं एक मठ व स्त्रियांसाठीं घरें बांधविलीं, आणि रस्त्याच्या कडेला येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीं एक धर्मशाळा बांधिली. धर्मशाळा कां? कारण ह्याच गांवीं मरीया व योसेफ यांस उतरावयास जागा मिळाली नव्हती. हा विचार लहान मुलासही सुचण्याजोगा आहे, पण तो विटामातीनें उभा करण्यास पौलाबाईंची संपत्ति व मन लागलें. तें काम पुढें इतकें वाढलें कीं पैसा पुरेना. तेव्हां जेरोम यांनीं आपल्या भावास मायदेशीं पाठविलें, व रानटी टोळ्यांच्या हातून वांचलेलीं आपल्या आईबापांचीं मोडकीं घरें विकून तें पुरें करण्याचें ठरविलें.

स्त्रियांच्या घरांत नाना प्रांतांतून आलेल्या बाया होत्या. कोणी थोर कुळांतली, कोणी मध्यम, कोणी अगदीं हलक्या गणलेल्या कुळांतली. सर्वांचें वस्त्र एकच. जी घरंदाज होती, तिला माहेरची दासी जवळ ठेवण्याची परवानगी नव्हती, कारण दासी जवळ आली म्हणजे जुना थाट व जुन्या गोष्टी आठवतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ व मध्यरात्र, अशा ठराविक वेळीं सर्व जणी एकत्र जमून स्तोत्रें गात. प्रत्येकीस स्तोत्रसंहिता तोंडपाठ असावी व रोज कांहीं वचन नवें शिकावें असा नियम होता. रविवारीं त्या मंदिरास जात, व इतर वेळीं आपल्या व परक्यांच्या अंगासाठीं कपडे शिवीत. बाई स्वतःशीं कडक, पण आजाऱ्यांशीं मऊ होत्या. जें अन्न स्वतः कधीं शिवत नसत, तें दुखणाइतास आग्रहानें देत.

स्तोत्रें इब्री भाषेंतच गाता यावींत म्हणून पौलाबाई ती भाषा शिकल्या, व जेरोम यांनीं तरुणपणापासून घाम गाळून जी मिळविली ती ह्या बाईंनीं अशी आत्मसात केली कीं त्यांच्या उच्चारांत लॅटिनची छटाही येत नसे. शास्त्र वाचतांना त्या जेरोम यांस प्रश्नांमागून प्रश्न विचारीत. उत्तर ठाऊक नाहीं असें त्यांनीं म्हटलें तरी निरनिराळ्या मतांपैकीं बरें कोणतें तें सांगा म्हणून मागें लागत. जेरोम यांनीं ह्याच गांवीं जुन्या कराराचें इब्रीवरून लॅटिन भाषांतर केलें. पुढें हजार वर्षांहून अधिक काळ पश्चिमेकडील मंडळ्यांनीं तेंच वाचलें. त्यांतील कित्येक पुस्तकांच्या प्रस्तावना ह्या मायलेकींस उद्देशून आहेत. बायकांच्या नांवें शास्त्रग्रंथ कां लिहितां म्हणून लोकांनीं जेरोम यांस नांवें ठेविलीं, तीं त्यांनीं मनावर घेतलीं नाहींत. हें लिहितांना आम्हांस आपल्या पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्याही लहानपणीं आईबापांबरोबर तीर्थामागून तीर्थें पायीं हिंडल्या, त्याही विधवा झाल्या, त्यांनींही केडगांव येथें निराधार स्त्रियांसाठीं घर उघडलें, आणि इब्री व ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्राचें मराठी भाषांतर इ. स. १९२२ मध्यें मरण येईपर्यंत केलें. दोघींमध्यें पंधराशें वर्षांचें अंतर. परंतु वाट पुष्कळशी एकच.

पौलाबाईंच्या दोषांवर पांघरूण घालावें असें आम्हांस वाटत नाहीं. एकदां कडक उन्हाळ्यांत त्या तापानें मरणाच्या दारीं पोंचल्या. जरा बरें वाटूं लागल्यावर शक्ति यावी म्हणून वैद्यांनीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें, त्या ऐकेनात. जेरोम यांनीं वृद्ध एपिफानियस यांस समजावण्यास आंत पाठविलें. बाहेर आल्यावर काय झालें म्हणून विचारलें, तेव्हां त्या म्हाताऱ्या गृहस्थांनीं सांगितलें कीं, मीच ह्या वयांत द्राक्षारस सोडावा असें बाईंनीं मला जवळजवळ पटविलें! ही हंसण्यासारखी गोष्ट झाली. पैशाची गोष्ट मात्र हंसण्यासारखी नाहीं. हात अगदीं मोकळा. मागणारा रिकामा जाऊं नये म्हणून त्या कर्ज काढून देत. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत दुसऱ्यांस सोईचें करतांना स्वतः संकटांत पडूं नये असा जो सल्ला आहे, तो जेरोम यांनीं त्यांस दाखविला. आपण मरतांना हातीं एक पैसाही नसावा व कफनही परक्यानें घालावें, हीच आपली इच्छा असें त्या म्हणत. ती इच्छा पुरी झाली. परंतु कर्जाचा भार व इतक्या माणसांच्या पोटाची काळजी यूस्टोकियमच्या गळ्यांत पडली. सावकाराचें व्याज म्हणजे काय हें ज्या आमच्या शेतकरी बंधूंस ठाऊक आहे, त्यांस ह्यांतला बोध निराळा सांगावयास नको.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पौलाबाई हयात असतांनाच, इ. स. ३९५ च्या सुमारास, पश्चिमेकडील पौलिनस नांवाच्या एका भाविक गृहस्थास पवित्र भूमीस येऊन राहण्याची इच्छा झाली. जेरोम स्वतः तेथेंच राहत असून त्यांनीं काय लिहावें? यरुशलेम पाहिलें ह्यांत मोठेपणा नाहीं, तेथें चांगलें जीवन घालविलें तर आहे. स्वर्गाचें द्वार यरुशलेमांतून जितकें जवळ तितकेंच दूरच्या ब्रिटन बेटांतून जवळ आहे. आणि ह्या शहरांतही इतर शहरांप्रमाणेंच नट, विदूषक, वेश्या व शिपाई भरले आहेत, असा त्यांच्या पत्राचा आशय आहे. हिलारियन नांवाच्या साधूचें उदाहरणही त्यांनीं दिलें आहे. तो पालेस्टाइनांतच जन्मला व राहिला. तरी यरुशलेम त्यानें एकच दिवस पाहिलें. अगदीं गेलाच नसता, तर पवित्र स्थळांचा अनादर झाला असता. वारंवार गेला असता, तर देव एका जागीं कोंडला आहे असें दिसलें असतें.

इ. स. ४०४ च्या जानेवारींत पौलाबाईंचा अंत जवळ आला. त्यापूर्वीं एक समाधान त्यांस लाभलें होतें. बंदरावर हात पसरून रडणारा टॉक्सोशियस मोठा होऊन विवाहित झाला होता, त्यास मुलगी झाली होती, तिचें नांव आजीवरून पौला ठेविलें होतें, आणि ती पाळण्यांत बोबड्या बोलांनीं हालेलूया म्हणते असें बेथलेहेमास कळलें होतें. ही नात पुढें आजीच्या घरींच येऊन राहिली. पौलिनाचे पति पम्माकियस यांनीं, जेथून बाईंचें गलबत सुटलें त्याच बंदरावर, फाबियोला नांवाच्या बाईंच्या सहाय्यानें परदेशीयांसाठीं धर्मशाळा बांधिली. अखेरच्या घटकेस बाई मंद स्वरानें स्तोत्रांतील ओळी म्हणत होत्या. त्या गप्प झाल्या तेव्हां कांहीं दुखतें कीं काय असें जेरोम यांनीं विचारलें. आपणांस कांहीं दुःख नाहीं, सर्व शांत दिसत आहे, असें त्यांनीं ग्रीक भाषेंत सांगितलें. ता. २६ जानेवारीस त्यांनीं प्राण सोडला. त्या वेळीं त्यांचें वय छप्पन्न वर्षांचें होतें. अध्यक्षांनीं तिरडीस खांदा दिला. ग्रीक, लॅटिन व सुरियानी भाषांत स्तोत्रें गाइलीं गेलीं. दुर्कसेच्या मरणाच्या वेळीं झालें तसें, विधवा व गरीब आपल्या अंगावरचे बाईंनीं दिलेले कपडे दाखवीत उभे होते. गुहेच्या शेजारींच त्यांस पुरलें. जेरोम यांनीं दोन रात्री जागून त्यांचें चरित्र लेखनिकास सांगितलें.

त्यानंतर सहा वर्षांनीं, इ. स. ४१० मध्यें, गॉथ लोकांनीं रोम लुटलें. ज्यांच्या दारीं काल चाकरांचे ताफे होते, ते पुरुष व त्या स्त्रिया भिकाऱ्यांप्रमाणें पळत बेथलेहेमास येऊं लागल्या. जेरोम यांनीं त्या दिवसांत अभ्यास बाजूस ठेवून त्यांची सोय करण्यांत वेळ घालविला. ज्या लोकांतून पौलाबाई उठून आल्या, तेच लोक त्यांनीं उघडलेल्या दाराशीं उभे राहिले.

तेव्हां, प्रिय बंधुभगिनींनो, शेजारी विचारतील तेव्हां काय सांगाल? ज्यास साधन व अनुकूलता असेल त्यानें पवित्र भूमि अवश्य पाहावी. घरचीं लेंकरें रडत ठेवून वा कर्ज काढून मात्र जाऊं नये. ज्यास ती कधींच दिसणार नाहीं, त्यानें कष्टी होऊं नये. ज्या गांवांत प्रभूच्या आईला रात्रीपुरती जागा मिळाली नाहीं, त्या गांवांत पौलाबाईंनीं जागा केली. तसें गांव पाहाण्यास समुद्र ओलांडावा लागत नाहीं. सायंकाळीं दहा कोस चालून आलेला उपदेशक, रुग्णालयास निघालेली बाळंतीण व तिची सासू, कामाच्या शोधांत गांव सोडून आलेलें कुटुंब, हीं आमच्या मंदिराच्या ओट्याशीं येऊन बसतात. त्यांस पाणी कोण देतो, व घोंगडी कोण घालतो? ह्या आठवड्याच्या प्रार्थनासभेंत प्रत्येक मंडळीनें हा एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर देणाऱ्याचें नांव लिहून ठेवावें, अशी आमची विनंति आहे.